ओसरीखालचं कुत्रं

आकोताई,

तुझी आई माझी दाई, तिचं अर्धं दूध मी पळवलं, त्या हक्काने आधी नमस्कार. तुझा खोकला कसा आहे? मी ठीक. म्हणजे महाराजांची राणी जितकी ठीक असते तितकी: रिवाजाप्रमाणे दात काळे करायचे, पडद्याआड बसायचं आणि बोलावणं आलं की नटून जायचं.

माझी आई अंथरुणाला खिळली आहे, हे तुला कळलंच असेल. सारखं माझं नाव घेते म्हणे. घर हाकेच्या अंतरावर, पण बाबांचा (म्हणजे महामंत्र्यांचा, बाबा असे फारसे उरलेच नाहीत) निरोप, की तू हललीस की महाराज शेजारच्या दालनातल्या नव्या राणीकडे वळतील, तेव्हा जागा सोडायची नाही. आता राणीला इथून सुटायला दोनच वाटा, बाळंतपण नाहीतर विटाळ. पहिली माझ्या एकटीच्या हातात नाही. (महिन्याच्या विटाळाला इथंच मागची खोली आहे, तिथून सुटका नाही.) मग आमच्या म्हाताऱ्या दासीने, शोनीने, तोडगा काढला. ओसरीखाली कुत्रं मेलं की अख्खं दालन विटाळतं आणि राणीला माहेरी धाडतात.

ओसरीखाली दात पडलेलं एक कुत्रं होतंच. आम्ही सगळ्या त्याच्याकडे आशेने बघत बसलो. मारलं तर पाप, म्हणून नुसती वाट. पण जिवाला उपाशी कसं ठेवायचं? शोनीने मासे-भात घातला, तर ते तरणंबांड होऊन पहारेकऱ्यांवर भुंकायला लागलं. शेवटी थंडीने गेलं बिचारं. मी रडले आणि डोळे पुसून पेट्या भरायला घेतल्या.

तेवढ्यात बाबांच्या कानावर गेलं. त्यांनी माणसं पाठवून कुत्रं गुपचूप शेजारच्या ओसरीखाली ओढून नेलं. (त्या माणसांच्या विटाळाचं काय? गरिबाला तो लागत नाही म्हणे.) झालं, शेजारीण विटाळली. कोवळी पोर ती, आईकडे जायचं म्हणून हसत गाडीत चढली. माझा जळफळाट झाला, खोटं कशाला बोलू? बाबा मात्र मला म्हणाले, "बघ, तुझ्यासाठी काय काय करावं लागतं."

आता महाराज रोज मलाच बोलावतात. सगळ्या बायका हिने नशीब काढलं म्हणतात.

मुलांना माझा पापा दे.

तुझी धाकटी

ता. क. खरं काम राहिलंच. तुझ्या यजमानांच्या गोठ्यात काही ना काही मरत असेलच. कुत्रं, मांजर, काहीही चालेल. कपड्यांच्या पेटीत घालून लगेच पाठव. आई आता माणसं ओळखत नाही म्हणतात.

पुन्हा ता. क. पेटी पाठवू नकोस. सकाळी आई गेली. सुतक लागलं, म्हणून बाबांनी घरी यायची परवानगी दिली आहे.