कोपऱ्यावरची फटफट

३ मार्च

फट्, फट्, फटाक्! आली आमची स्वारी. कोपऱ्यावर गाडीचा वेग कमी केला, की सायलेन्सर अशा बंदुका उडवतो. अख्खी गल्ली कावली आहे — मी जास्तच! आज निक्षून सांगितलं, "याचा बंदोबस्त करा, नाहीतर गाडी दारात आणू नका." हे हसले. "जशी आज्ञा, सरकार!" लग्नापासून मी 'सरकार'. ऐकायचं मात्र काडीचं नाही.

तक्रार नाही ती फक्त बाबांची. सासऱ्यांना दिसत नाही. फटफट ऐकली की खाटेवरूनच म्हणतात, "आला!"

६ मार्च

सकाळी मीच यांना ओढत गॅरेजात नेलं. गॅरेजवाला म्हणाला, "वहिनी, हा हवेचा व्हॉल्व्ह. धुरात ताजी हवा सोडतो, मग उरलंसुरलं पेट्रोल नळीतच पेटतं. धूर कमी, पण आवाज. काढून पत्रा मारतो — आवाज बंद, नळीही जरा कमी तापेल. धुराच्या तपासणीत सापडलात तर मात्र माझं नाव नका सांगू!"

हे कुरकुरले. "राहू दे ना. बाबांना कळतं मी आल्याचं." मी म्हटलं, काढा! गाडी तिथेच ठेवून हे कामावर गेले, मी घरी.

संध्याकाळी वळून बघते, तर हे स्वयंपाकघराच्या दारात! गाडी अंगणात. कधी आले, कळलंसुद्धा नाही. काय शांतता!

बाबा मात्र ओरडले, "कोण शिरलंय घरात?"

९ मार्च

भाजीत मीठ विसरले. यांनी चकार शब्द न काढता संपवली! चेष्टा नाही, भांडण नाही. दोन दिवस बरं वाटलं. आता करमत नाही. 'सरकार' पण नाही.

१२ मार्च

हे आत्ताच आले होते. अंगणात झाडताना सायलेन्सरला चुकून हात लागला. किंचाळणारच होते — पण गार! माठासारखा गार. "व्हॉल्व्ह काढलाय ना," हे मागून म्हणाले. हो, गॅरेजवाला म्हणाला होताच. पण 'जरा' म्हणाला होता.

बाबा हे खोलीत असले की घास घेत नाहीत. "हा माझा पोरगा नव्हे, त्याला बाहेर काढ." मी रागावले त्यांच्यावर. मग ते रडले. मीही.

१४ मार्च

ठरलं. व्हॉल्व्ह परत बसवायचा. होऊ दे गल्लीभर बोंब, बाबा जेवले म्हणजे झालं. यांना सांगितलं. म्हणाले, "नको." एवढंच. आणि माझ्याकडे असं बघितलं, की हातातलं भांडं खाली पडलं. मला भीती वाटली. माझ्याच नवऱ्याची!

१५ मार्च

संध्याकाळी गुपचूप गॅरेजात फोन केला. "तो व्हॉल्व्ह परत बसवून द्या."

"परत? वहिनी, काढलाच कुठे अजून? त्या दिवसापासून गाडी इथेच होती, दादा फिरकलेच नाहीत. आत्ता आले. म्हणतात, सकाळीच तर टाकली! मी म्हटलं, काम राहिलंय. तर म्हणाले, राहू द्या, बाबांना आवडतं. निघाले बघा आत्ताच."

फोन ठेवला. हे माजघरात जेवत बसलेत.

१५ मार्च, पुन्हा

फट्, फट्, फटाक्!

बाबा हसताहेत. "आला!"

कडी वाजतेय. "सरकार, दार उघडा की!"

माजघरातल्याने ताट बाजूला सारलंय.