पालथं टपाल

प्रिय ठमे,

तर त्या सकाळी दूध उतू गेलं होतं. शेगडी पुसता पुसता मी तुझ्या बाबांना बोलले, की खिडकीबाहेरच बघायचं होतं तर दुधाजवळ उभं राहिलात कशाला? ते म्हणाले, दुधाला सोबत. मग चहा घेतला, बुटांना ब्रश मारला, कुंडीत भांडंभर पाणी ओतलं, आणि जाताना नेहमीसारखं दारातून ओरडले, किल्ली घेतलीय गं. मी त्यांचा गणवेशाचा दुसरा शर्ट आणि चादरी बादलीत भिजत घातल्या. टपाल कचेरीत माझी पाळी दुपारची होती. हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काहीच नाही. पण त्या दिवसातलं मला एवढंच स्वच्छ आठवतं. पुढचं सगळं दुसऱ्या कुणाच्या घरात झालं आणि मी समोरच्या गॅलरीतून बघितलं, असं वाटतं.

तू फोनवर विचारलंस, कचेरीतलं नवं मशीन कसं आहे. चांगलं आहे. हॉलच्या एका भिंतीपासून दुसरीपर्यंत लांब आहे. मोठी पाकिटं, मासिकं, कॅटलॉग, असं जे जे पत्रांच्या जुन्या मशीनमध्ये मावत नव्हतं आणि आम्ही हाताने कप्प्यांत लावत होतो, ते सगळं आता हे लावतं. आपण फक्त गठ्ठा पट्ट्यावर उभा करायचा, पत्ते एका बाजूला. पुढे कॅमेरा पत्ता वाचतो आणि पाकीट आपल्या खणात जाऊन पडतं. मग तेच टपाल दुसऱ्यांदा आत घालायचं, की घरांच्या ओळीने बाहेर येतं. पहिल्या घराचं वर, शेवटच्या घराचं तळाला. पोस्टमनने ट्रे उचलायचा आणि चालू पडायचं. तुझे बाबा रोज सकाळी दोन तास कप्प्यांसमोर उभे राहून जे करायचे, ते आता चहा गार व्हायच्या आत होतं. कामावर माझ्या शेजारी बसणारी जाडी म्हणते, ही बया जेवायला उठत नाही, नवऱ्याची तक्रार करत नाही, हिच्याशी माझं जमायचं नाही. कप्प्यांचं लाकूड कुणीतरी टेम्पोत घालून नेलं. मला त्याचं काही वाटलं नाही. हल्ली मला कशाचंच फारसं वाटत नाही. पायाला मुंग्या येतात ना, तसं. पाय आहे हे कळतं, पण आपला वाटत नाही.

तुला ठाऊक आहे, मी वाचायला शिकले ती पत्त्यांवरून. तू पाळण्यात होतीस. तुझे बाबा रिकामी पाकिटं घरी आणायचे आणि मला एकेक अक्षर लावायला लावायचे. लोक आधी देवाचं नाव लिहायला शिकतात, मी एका दंतवैद्याचं शिकले. मग त्यांनीच मला सॉर्टिंगमध्ये चिकटवलं, आणि पहिल्याच दिवशी आमच्या टपालातल्या लोकांची एक रीत शिकवली. एखाद्या घरातलं माणूस गेलं की त्याच्या नावाचं मोठं टपाल कप्प्यात पालथं घालायचं, पत्ता खाली. पालथं दिसलं की पोस्टमनने ते पेटीत टाकायचं नाही. जिना चढायचा, बेल वाजवायची आणि घरच्यांना विचारायचं, आणत राहू की बंद करू? नियमात हे कुठेच नाही. तुझे बाबा म्हणायचे, पत्र एक वेळ चुकून येतं, पण मासिक दर महिन्याला येतं, दर महिन्याला तेच नाव पेटीत सापडलं तर माणसाने करायचं काय? एका म्हातारीने त्यांना सांगितलं होतं, आणत राहा, यांना उशिरा उठायची सवय आहे. त्यांनी दोन वर्षं आणलं.

त्यांच्या फेरीवर आता एक टपालवाली आहे. दुसऱ्या गावाहून बदलून आली आहे, कामाला बरी आहे. पण ही रीत तिला माहीत नाही, आणि मी सांगितली नाही. तुझ्या पहिल्या पगारातून तू बाबांना जे बागकामाचं मासिक लावून दिलंस, ते त्या दिवसानंतरही येत राहिलं. ते माझ्याच हाताखालून जायचं. मी ते कप्प्यात पालथं घालत होते. पत्ता दिसत नाही म्हणून टपालवाली ते कप्प्यातच सोडून जायची. बेल वाजवून विचारणारं कुणी नव्हतं. ज्यांनी विचारायचं त्यांचंच ते टपाल होतं. महिना संपला की मी अंक पिशवीत घालून घरी आणायचे आणि कपाटावर ठेवायचे, तसाच, पालथा. तू फोनवर विचारायचीस, मासिक येतं का गं अजून? मी म्हणायचे, येतं. कुणाच्या नावाने? मी म्हणायचे, ज्याच्या नावाने यायचं त्याच्या. आणि लगेच तुला तुझ्या खोकल्याचं विचारायचे.

आठवतं ना, बाबा ते कसं वाचायचे? घरात कुंडी एक, त्यात झाड एक, तेही कशाचं ते कुणाला माहीत नाही. आणि हे मोठ्याने वाचणार, गुलाबाच्या वाफ्यात दोन ओळींमध्ये हातभर जागा सोडावी. मग मान वर करून कुंडीकडे गंभीरपणे बघणार. तू हसून हसून खुर्चीवरून खाली यायचीस.

मागच्या आठवड्यात मशीनचा पहिला दिवस होता. मला पट्ट्याशी उभं केलं होतं. गठ्ठा उचलायचा, झटकून सारखा करायचा, लावायचा. तेवढ्यात ते मासिक हातात आलं. हात आपोआप फिरला आणि मी ते पालथं लावलं. मशीनने बाहेर टाकलं. मी उचललं, पुन्हा पालथंच लावलं. पुन्हा बाहेर. तिसऱ्यांदा लाल दिवा लागला आणि पट्टा थांबला. मशीनचा मिस्त्री आला, भला माणूस आहे, म्हणाला, मावशी, उलटं घातलंत तर ते बिचारं वाचणार कसं? साहेबांनी लांबून विचारलं, काय अडलंय? जाडीने नाव बघितलं आणि तिला सगळं कळलं. मला काहीतरी बोलायला हवं होतं. एकच वाक्य होतं. ते आलं नाही. मिस्त्रीने मासिक सुलटं केलं, पट्ट्यावर ठेवलं, बटण दाबलं, आणि ते गेलं. आपल्या खालच्या शिंप्याच्या कॅटलॉगनंतर आणि दंतवैद्याच्या पाकिटाआधी, अगदी जिथे जायला हवं तिथे.

दुपारी घरी आले तर पेटीत होतं. त्यांच्या पूर्ण नावाने, सुलटं. कुणी काही विचारलं नव्हतं.

ठमे, तू मागे फोनवर चिडून म्हणालीस, आई, तू नेहमी 'ते झालं तेव्हा' म्हणतेस. काय झालं? दूध नासलं? मी फोन ठेवला. तुला राग येणं बरोबर आहे. त्या दिवशी मी तुला फोन केला आणि नुसतं ये म्हटलं. तू विचारलंस काय झालंय, तर म्हटलं, कपडे वाळत घालतेय, तू ये. खरंच घालत होते. भिजवलेले कपडे धुवायला तर हवेच होते. तू आलीस आणि आपल्या जिन्याच्या तळाशी शिंप्याने तुला सांगितलं. परक्या माणसाने, हातात टेप घेऊन. ते माझं काम होतं. फोनवर माझं तोंड खोकल्याकडे आणि कपड्यांकडे वळतं, म्हणून हे पत्र. आता लिहिते. ठमे, तुझे बाबा गेले. फेरीवर असताना एका इमारतीच्या जिन्यावर दम खायला बसले आणि तिथेच गेले. हातातलं टपाल ओळीने लावलेलं होतं. त्यांचा चेहरा शांत होता, मी पाहिला. बाबा गेले गं. हे पत्र मोठ्या पाकिटात घालून मी स्वतः पट्ट्यावर ठेवणार आहे, पत्ता वर करून. मासिक पेटीत आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी रजा काढली आणि खाली दारात उभी राहिले. टपालवाली आली. मी तिला सांगितलं, या नावाचे गृहस्थ वारले, मी त्यांची बायको. ती बाई गोंधळली, तिने काहीच विचारलं नाही. मग मीच म्हटलं, बंद करू नका, माझ्या नावाने आणत राहा. वर आले, कपाटावरचे सगळे अंक खाली काढले, सुलटे केले, आणि सगळ्यांत जुन्यापासून वाचायला बसले.

तुझीच,
आई