सुरेश आज बोलला

सोलापूर, शनिवार, १९७४. संध्याकाळ.

शाळेच्या नाटकात सुरेश नायिका झाला. पेटीतली माझी हिरवी साडी मीच नेसवली. कुंकवाला मात्र हात धजेना. विधवेनं कसं लावायचं? "तूच लाव की, आई," म्हणाला. लावलं.

घरी येताना म्हणाला, "मला मुली नाही आवडत, आई. मुलगेच आवडतात. नाटकातल्या पोरांना ठाऊक आहे. ती तरीही 'आमची हिरॉईन' म्हणून मिरवतात मला."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू रडशील म्हणून."

रडले नाही. पण गप्प झाले, ते त्याहून वाईट का? कुंकू लावताना किती निर्धास्त होता माझ्यापाशी! हे असते तर यांना विचारलं असतं. आता कुणाला विचारू?

न जेवता बाहेर पायरीवर बसलाय. दोघांची भाकरी तिथंच नेते. या वेळी आधी मीच बोलेन.