काळं न धरणारी खापरं

नवा चंद्र

करिंथहून आले. अथेन्स मला आवडलं. आज कुंभारवाड्यात थ्रासोनकडे कामाला लागले. काम एकच: रेखाटलेल्या आकृतीभोवती काळा लेप भरायचा. माणूस कोरा सोडायचा. भाजल्यावर तो तांबडा उठून दिसतो. थ्रासोनने मला भट्टीच्या दाराशी उभं करून नजरेनं मापलं. म्हणाला, "करिंथवाले, तू तर चिमणीएवढी. भांडी रचायला आत सहज मावशील." सगळे हसले. मीही हसले. जेवायला जवाची भाकरी, ऑलिव्ह, खारवलेले मासे. फुटक्या खापरांना इथे तोटा नाही. त्यांवरच खरवडून हे लिहिते आहे.

चौथा दिवस

पहिली भट्टी. लेप नीट काळा होतोय का हे पाहायला एक भोक पाडलेलं खापर आत ठेवतात, मधेच भट्टीच्या झरोक्यातून आकड्याने ओढून काढतात. ते मी पूर्ण काळं रंगवलं होतं. बाहेर आलं ते मधोमध तांबडं पाऊल घेऊन. बोटांसकट, सुबक. थ्रासोन ओरडला, लेप पातळ लावलास. मी पातळ लावला नव्हता.

सहावा दिवस

फाटकाशी लसूण विकणारी गोर्गो मला येता-जाता शिव्या देते. माझ्या आधी तिची मुलगी मिर्तो इथे लेप भरायची. तिच्या स्टुलावर बसताना तुझं ढुंगण भाजत नाही का, असं आज विचारलंन. थ्रासोन सांगतो, मिर्तो खलाशाबरोबर पळाली. गोर्गो म्हणते, होडीत पाय ठेवला की ओकायची ती, कसला खलाशी!

मिर्तोने एका पेल्यावर लिहिलं होतं: मिर्तोने रंगवलं. थ्रासोनने तो पेला सगळ्यांदेखत फोडला. दुसऱ्या दिवसापासून ती दिसली नाही. पेल्याची खापरं त्याने भट्टीच्या तपासणीला ठेवली. माल वाया का घालवा, म्हणाला.

दहावा दिवस

लेप दोनदा लावला. तरी गुडघा आला, कपड्याची चुणी आली. पुढच्या खापरावर हात. तळवा काहीतरी ढकलतोय. जोडून पाहिली. बाई उकिडवी बसली आहे. डोक्यावर भट्टीचा घुमट. चेहरा येईल ते उरलेलं खापर अजून थ्रासोनच्या टोपलीत आहे.

पौर्णिमा

गोर्गोला दाखवली. पायाच्या करंगळीवर शेजारचं बोट चढलेलं. तिने त्यावर अंगठा ठेवला. रडली नाही. तोंड आण, म्हणाली. माझा भाऊ पंचांपुढे उभा राहील, पण पायावरून कोण ओळखतंय?

आज थ्रासोनने माझ्या सुरईवर लिहिलं: थ्रासोनने केलं. वर मलाच विचारलं, अक्षर कसं आलंय? दात आवळून छान म्हणाले. अजून दुखतायत.

पौर्णिमेनंतर

चेहऱ्याचं खापर भट्टीत गेलं. ओढताना आकड्यावरून निसटून आतच पडलं. झरोक्यातून पाहिलं — तांबडं — डोळा, ओठ. वळले तर थ्रासोन मागे. हसला.

आज

भट्टी निवली. थ्रासोन उत्सवाला गेला. गोर्गो फाटकाशी पहाऱ्याला. आत जाते.

आत

सापडलं. गोर्गोचीच हनुवटी, मिर्तोच. घाबरलेली नाही. दात दिसतायत — शिवी देतेय. याच्याच पाठीवर लिहिते.

भिंतीवर नखांच्या रेघा. खाली राखेत —

उजेड कमी होतोय. दारात विटा. थ्रासोन मागच्या कुंपणावरून आला असणार. एकेक वीट ठेवतोय, गारा लावून, नीट. म्हणतोय, करिंथवाले, तुलाही खलाशी मिळाला असं सांगेन.

ढकलते. हलत नाही. बाहेर लाकडं रचतोय.

गोर्गो ओरडतेय. ओरड, गोर्गो. भाऊ आण, अख्खी गल्ली आण. खापर झरोक्यातून टाकते. आधी नाव. याच्यावर त्याचं नाव येणार नाही. हे लिहिलं मी, करिंथची —