काळ्या पाण्याची चव

प्रिय धाकटे,
थोरलीचा पोटभर आशीर्वाद.

मी मजेत आहे, गुडघाही सध्या गप्प आहे. तू पथ्य पाळतेस ना? का दिसेल ते तोंडात टाकतेस?

आमची सूनबाई दर रविवारी नवीन काहीतरी आणून रांधते, मग सगळे एकत्र जेवतो. काल तिने वाळलेली अळंबी भिजत घातली होती. पाणी काळं झालेलं. मला वाटलं मळ निघाला. मदत म्हणून ते बेसिनमध्ये ओतून दिलं नि अळंबी तीनदा चोळून धुतली.

जेवताना मुलगा म्हणाला, "आज काय गवत शिजवलंस का?" नातवंडं फिदीफिदी हसली.

सूनबाई म्हणाली, "भिजवलेलं पाणी घालायचं राहिलं. सगळी चव त्यातच असते. माझीच चूक."

मी खाली मान घालून दुसऱ्यांदा वाढून घेतलं. आज सकाळी तिला सांगितलं, ते पाणी मीच ओतलं.

"माहीत आहे आई. बेसिनला रंग लागला होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही आल्यापासून पहिल्यांदाच माझ्या ओट्याशी आलात. म्हटलं, बोलले तर पुन्हा यायच्या नाहीत."

मेल्याहून मेल्यासारखं झालं गं. पोर किती गुणाची. आज जेवताना सगळ्यांदेखत खरं सांगणार आहे. हसले तर हसू देत मला.

भावोजींना नमस्कार सांग.

तुझी,
ताई