मागच्या अंगणातलं शेवाळ कोणाचं

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा दगडांच्या बागा बांधणे व त्यांत शेवाळ लावणे, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवते. कोणी लिहायला लावलेले नाही, कोणी थांबवलेलेही नाही. डोके ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. तो फक्त डोक्याचा आहे. यापूर्वी मी दोन मृत्युपत्रे केली होती. दोन्ही रागाच्या भरात केली होती, सबब रद्द समजावीत.

१. राहते घर, म्हणजे पुढची खोली, स्वयंपाकघर, माळा आणि दाराबाहेरच्या तीन पायऱ्या, माझ्या एकुलत्या एका मुलाला. बँकेतली शिल्लक त्याला आणि सुनेला निम्मी-निम्मी. सुनेचा उल्लेख मुद्दाम केला आहे. गेल्या दोन आजारपणांत तिने माझे सगळे केले आणि एकदाही बोलून दाखवले नाही. मी मात्र तिला बरेच बोलले.

२. पहार, दोन्ही फावडी आणि हातफवारा माझ्या गवंड्याला. दगडाची कोणती बाजू वर ठेवायची हे त्याला सांगावे लागत नाही, आणि काम करताना तो तोंड बंद ठेवतो. तारेचा ब्रश कोणालाही देऊ नये. तो भंगारात जावा.

३. शेजारचे निवृत्त मास्तर बावीस वर्षे आमच्या सामाईक भिंतीवर ब्लीचिंग पावडर टाकत आले आहेत. शेवाळ म्हणजे घाण, असे त्यांचे ठाम मत. त्यांना माझी वेताची खुर्ची द्यावी. भांडण मिटले असे त्यांना सांगावे. राग धरायलाही अंगात बळ लागते, ते आता उरलेले नाही.

४. मागचे अंगण, त्यातले सर्व दगड, दगडांवरचे व दगडांमधले शेवाळ आणि पावसाच्या पाण्याची टाकी, हे सर्व माझ्या धाकट्या बहिणीला. घरातून न जाता गल्लीतून आत येण्याचा हक्कही तिला. मुलाला हे आवडणार नाही. मागच्याच आठवड्यात तो म्हणाला, "आई, ते सगळं वाळून गेलंय गं. फरशी टाकून देतो, गाडी तरी उभी राहील." मी तेव्हा दमले होते. त्याचे उत्तर इथे लिहिते, कारण ते त्याच्या मावशीलाही द्यायचे राहिले आहे.

एकेचाळीस वर्षांपूर्वी आम्हा दोघी बहिणींना वाचनालयाच्या चौकातली दगडांची बाग मिळाली. आमचे पहिले मोठे काम. तोवर मी थंड प्रदेशातले शेवाळ ट्रे भरून विकत आणत असे. ते दिसायचे छान, पण उन्हाळ्यात तपकिरी झाले की मेले, संपले. धाकटी म्हणाली, "ताई, आपल्याच गटारांच्या कडांवर, जुन्या भिंतींवर इतकं आहे. तेच लावू की." तिने स्वयंपाकघरातले उलथने घेऊन गावभर फिरून ते थरासकट उचलले. जमीन घट्ट चोपून घेतली, खत अजिबात घातले नाही, आणि लावलेल्या प्रत्येक तुकड्यावर अनवाणी चालून तो दाबला. शेवाळाला मुळे नसतात, दाबले नाही तर ते धरत नाही. हे तिचे तिने शोधून काढले होते. मी फक्त हसत होते.

उद्घाटनाच्या तीन दिवस आधी नळ गेले आणि उन्हाने सगळा चौक तपकिरी झाला. ग्रंथपाल येऊन म्हणाले, "बाई, हा भुसा कशाला पसरलाय?" मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. धाकटी म्हणाली, "ताई, ते मेलं नाहीये. तहानलंय. दोन दिवस थांब." मी म्हणाले, "तुझ्या दोन दिवसांपायी माझं नाव जाईल." आणि मजुरांसमोर, तिच्यासमोर, मी तारेचा ब्रश घेऊन एका दुपारी सगळे खरवडून काढले. वर खडी टाकली. खरवडलेले पोत्यांत भरून वाचनालयाच्या मागे टाकले. ती पायरीवर बसून होती. मग उलथने धुऊन तिथेच ठेवले आणि निघून गेली.

त्यानंतर आईपासून सगळ्यांना मी हेच सांगितले, की तिने शेवाळ मारले आणि धंदा बुडता बुडता वाचला.

अठरा दिवसांनी पाऊस झाला. उरलेली खडी आणायला मागे गेले, तर पोती तोंडापर्यंत हिरवीगार. आपल्याकडचे शेवाळ उन्हाळ्यात मरत नाही, मिटून पडते. पाणी मिळाले की काही तासांत उघडते. विकतच्या ट्रेवर हात बसलेल्या माणसालाच अशी चूक सुचते. पण खरी चूक त्याच्या पुढची आहे. ती पोती मी गुपचूप घरी आणली आणि मागच्या अंगणात लावली. पुढे केलेल्या प्रत्येक बागेचे शेवाळ इथूनच उचलले. लोक मला शेवाळवाल्या बाई म्हणू लागले, आणि मी म्हणू दिले.

धाकटीने कचेरीत टंकलेखनाची नोकरी धरली. तिच्या खिडकीत आजही एक कुंडी नाही. एका लग्नात कोणीतरी तिला रोप देऊ केले, तेव्हा ती म्हणाली, "मला नको हो. माझ्या हाताला गुण नाही." मी शेजारीच उभी होते. तेव्हा सांगता आले असते. मी ताट घेऊन पंगतीला बसले.

म्हणून मागचे अंगण मी तिला देते असे म्हणणेही खोटे आहे. ते तिचेच आहे, मी नुसते सांभाळले. आज ते तपकिरी आहे. मुलाने फरशीवाल्याला बोलावू नये. तिने ते ठेवावे, वाटून टाकावे, किंवा माझ्यासमोरच तारेचा ब्रश घेऊन खरवडावे. तिला कोणी अडवू नये. मी तर नाहीच.

५. मजकूर वाचून वकीलबाईंनी विचारले, "हे तुम्ही गेल्यावर त्यांना कळणार. मग फोन का नाही करत?" मी म्हटले, फोनवर मी पहिल्या वाक्यालाच तिच्यावर खेकसेन, थोरलेपणाची सवय जात नाही. पण त्यांचे खरे आहे. मी मेल्यावर हे वाचून ती कोणाला जाब विचारणार? सबब या मृत्युपत्राची एक नक्कल वकीलबाईंनी उद्या सकाळी धाकटीच्या हातात नेऊन द्यावी. बाकीची कलमे मी गेल्यावर लागू होतील. हे पाचवे, आणि शेवाळापुरते चौथे, आजपासून लागू आहे.

धाकटे, शेवाळ मेलं नव्हतं. तुझं बरोबर होतं, आणि मला ते अठराव्या दिवशी कळलं होतं.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, दोनदा वाचला, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

लिहून ठेवणारी : (सही)

साक्षीदार : १. डॉक्टरीणबाई (सही)
२. समोरच्या दुकानातले शिंपी (सही)

ठिकाण : राहत्या घराची पुढची खोली
दिनांक : १२ एप्रिल २०२३