गाडीची चमक आणि तुझे हात

माय, तुला आणि इस्पितळाच्या लाँड्रीत तुझ्यासोबत ब्लीचिंगच्या हौदाशी उभ्या राहिलेल्या बायांना रबरी हातमोजे कधीच मिळाले नाहीत, आणि आज तुमच्या जागी ज्या उभ्या आहेत त्यांनाही मिळालेले नाहीत. उद्या सकाळी पाळी बदलताना त्याच फाटकावर सभा आहे आणि बोलायला मला बोलावलं आहे. बोलावणारच. कष्टकऱ्याच्या हातांवर या भागात माझ्याइतकं कोणी बोललेलं नाही. सावनेरला खाणकामगारांपुढे बोललो, कामठीला विणकरांपुढे बोललो, कळमेश्वरला कारखान्यांच्या फाटकांवर बोललो, आणि प्रत्येक ठिकाणी शेवटाकडे आलो की तुझे हात पुढे केले. ‘माझ्या आईचे हात तुम्ही पाहिलेत?’ असं विचारून मी थोडा थांबतो. मग सांगतो की तिच्या बोटांची कातडी कशी सोलून निघाली होती, भाकरी थापताना पिठाला कसं रक्त लागायचं. बाया डोळ्यांना पदर लावतात. आज दुपारी जेवण झाल्यापासून उद्याचं भाषण लिहायला बसलो आहे आणि नेमक्या त्या जागेवर येऊन अडकलो आहे. म्हणून ते कागद बाजूला सारून तुला लिहितो आहे.

टेबलावर ती गाडी आहे. तुला आठवते ना? मामा कामठीच्या छावणीत ड्रायव्हर होता. त्याच्या साहेबाची बदली झाली, घर आवरताना मेमसाहेबांनी एक खोका त्याच्या हाती दिला आणि त्याने तो मला आणून दिला. खोक्यावर एका लांबलचक विलायती मोटारीचं चित्र होतं आणि आत तीच मोटार सुटी करून ठेवलेली, पांढऱ्या प्लास्टिकच्या दांड्यांना पानांसारखे चिकटलेले शे-सव्वाशे बारीक भाग. बंपर, जाळी, चाकांच्या टोप्या, दारांच्या मुठी एवढे मात्र आरशासारखे चकचकीत. साहेबाच्या पोराने ती अर्ध्यावरच टाकली होती. का टाकली, ते मला आठवड्याभरात कळलं. बाकीचे भाग चिकटायचे, पण चकचकीत भाग काही केल्या जागेवर राहत नसत. बंपर लावला की दुसऱ्या दिवशी खाली पडलेला.

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. अर्ध्या जगातल्या क्रांत्या वाचून काढल्या होत्या आणि बोटाएवढा बंपर का चिकटत नाही हे कळत नव्हतं. कॉलेजच्या संमेलनात छंदांचं प्रदर्शन होतं. सिव्हिल लाइन्सची पोरं विलायती रेल्वे, विमानं आणणार होती, आणि मी वर्गात सगळ्यांसमोर सांगून बसलो होतो की मीही आणतो. इंदोऱ्यासारख्या वस्तीतून कोण काय आणणार, असं एक जण हसून म्हणाला होता. त्या हसण्याला उत्तर द्यायचं होतं. म्हणून चौकातल्या पेंटरकडून थिनर आणलं आणि चाकाची एक टोपी त्यात बुडवली. चमक गेली, पण तिच्यासोबत टोपीही गेली. पाकातल्या गुळासारखी ओघळली. चार टोप्यांच्या तीन राहिल्या आणि मी वाटी भिंतीवर फेकली.

तू दारात बसून तुरीची डाळ निवडत होतीस.

“काहून चिडून राहिला गा?”

“चिकटत नाही माय. चमकीवर सोल्युशन धरतच नाही.”

“मंग चमक काढ ना.”

“कशानं काढू? थिनरनं खालचं प्लास्टिकच गेलं.”

तू बंपर हातात घेतलास, उजेडाकडे फिरवून पाहिलास, नखाने एका कडेला खरवडलास. “हे तं बटनाचं पॉलिश हाये,” म्हणालीस. मग सांगितलंस की लेकरांच्या वॉर्डातले फ्रॉक एकदा तुमच्या हौदात आले होते, चकचकीत बटनांचे. “चांदीवानी बटनं आत गेली आन् दुधाच्या दातावानी बाहीर निघाली. मेट्रन माह्यावर अशी बोंबलली, जसं काई मीच चांदी खाल्ली.” आणि स्वतःशीच हसत राहिलीस.

जे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही ते तुला बटनांनी शिकवलं होतं. हे मात्र मी कुठल्याच सभेत सांगितलं नाही, आणि का सांगितलं नाही याचं आज मला नवल वाटतं.

रविवार होता. मोहल्ल्याच्या विहिरीत टाकायला आलेल्या डब्यातली मूठभर ब्लीचिंग पावडर तू बादलीत कालवलीस. मी भाग सोडले. आणि बघता बघता चमक निघून गेली. बुडबुडे नाहीत, धूर नाही, फक्त आरसा विरत विरत नाहीसा झाला. मी उड्या मारायच्या बेतात होतो. तू दाराची एक मूठ उचललीस, बोटांत चोळलीस आणि म्हणालीस, “थांब. खाली अजून काईतरी हाये.” खरंच होतं. चमकीखाली पिवळट रोगणाचा एक थर होता, पातळ पण घट्ट, आणि तो गेल्याशिवाय काही चिकटणार नव्हतं. ब्लीचिंगने तो हलला नाही. तेव्हा तू शेजारच्या मावशीकडून कॉस्टिक सोडा आणलास. ती तुझ्याच पाळीवर लाँड्रीत होती आणि घरी साबण करायची. पाण्यात सोडा टाकताच बादली आपोआप तापली. मी पुढे आलो तशी तू मला कोपरानं मागे सारलंस.

“तू दूर हो. परवा तुयं भाषण हाये. हात भाजले तं हलवशीन काय तिथं?”

संमेलनात वक्तृत्व स्पर्धाही होती आणि विषय होता श्रमाची प्रतिष्ठा. मी दूर झालो. धुण्याच्या दगडावर चढलो आणि पाठ केलेलं भाषण म्हणू लागलो. खाली तू जुन्या ब्रशने एकेक भाग घासते आहेस. बंपर, जाळी मोठे, ते काडीने वर येतात. पण दारांच्या मुठी तांदळाच्या दाण्याएवढ्या, त्या तळाशी जाऊन बसल्या आहेत. काडीने दोनदा पाहतेस, मग पदर खोचून हात आत घालतेस.

“मोठ्यानं बोल. मागचे आयकतीन कसे?”

मी आवाज चढवतो. कामगाराचे हात हेच या देशाचं खरं भांडवल आहे.

“भांडवल म्हंजे?”

“म्हणजे धंद्यात घालायची मालमत्ता.”

“ते आमच्यापाशी हाये?” तू मुठी शोधता शोधता विचारतेस. “मंग मालकापाशी काय असते गा?”

हा प्रश्न मी भाषणात घातला. तुझं नाव न घेता. सभागृहात टाळ्या आणि हशा त्याच वाक्याला मिळाला आणि पहिलं बक्षीसही मला वाटतं त्यानेच मिळवून दिलं. गाडीला काही मिळालं नाही. चौथ्या चाकाला औषधाच्या बाटलीचं झाकण लावलं होतं, ते परीक्षकांनी लगेच ओळखलं. पण ती उभी होती, बंपरासकट, आणि तो हसणारा मुलगा तिच्यासमोर बराच वेळ उभा राहिला. आदल्या दिवशी मी त्या पांढऱ्या झालेल्या भागांना ब्रशने चंदेरी रंग देत होतो तेव्हा तू विचारलं होतंस, “येवढी चांदी काढली, आन् आता पुन्हा चांदीच लावून राहिला?” मी म्हणालो, हा रंग धरतो माय. तू म्हणालीस, “धरू दे बाप्पा.” तोवर तुझ्या दोन्ही हातांची बोटं चिंधीत गुंडाळलेली होती. त्याच सोमवारी पाळीवर तू ती चिंधी सोडून हौदात हात घातला होतास. बदली बाई नव्हती आणि हातमोजेही नव्हते. जखमा चिघळल्या, भरायला दोन महिने गेले आणि बोटांवर गुलाबी, चकाकणारी कातडी कायमची राहिली.

पाचेक वर्षांनी मी त्याच लाँड्रीच्या फाटकावर उभा होतो. मागणी एकच, हातमोजे. समोर तुम्ही सगळ्या होतात, तू तिसऱ्या ओळीत. आणि मी बोलता बोलता तुझ्याकडे बोट केलं. ही माझी आई, म्हणालो. तिचे हात वर करून बघा, या हौदाने काय केलं ते. सभा हलली. मावशीने तुझा हात धरून वर केला. तू तो खाली ओढत होतीस, पण लोकांना तो संकोच वाटला. घराच्या दाराशी आल्यावर म्हणालीस, “लय पॉलिश मारलं गा तू.”

“माय, सभेत तेवढं चालतं.”

“ते भाजनं तं तुया गाडीचं होतं.”

“हौदात चिघळलं ना?”

“चिघळलं. पण तू चिघळलं म्हणून नाही सांगतलं.”

त्या भाषणाने साहेब लोक हलले, हे खरं. चौकशी लागली. एक अधिकारी आला आणि त्याने सगळ्यांत आधी तुलाच बोलावलं, कारण तुझंच नाव मी घेतलं होतं. तिथलं मला मावशीने सांगितलं; ती बाहेर उघड्या दाराशी उभी होती. त्याने विचारलं, बाई, ही कातडी इथं गेली का? तू म्हणालीस, “नाही साहेब. घरी गेली, पोराच्या खेळण्यातल्या गाडीपायी. पण ह्या बायांची इथंच जाते, तुमी यांचे हात पाहा.” पहिलं वाक्य त्याने लिहून घेतलं. दुसरं सुरू झालं तेव्हा तो पेनाला टोपण लावत होता. बाकीच्या बायांना आत बोलावलंच नाही. आरोपात तथ्य नाही, असं निघालं आणि हातमोज्यांचा कागद तिथेच बसला.

“तोंड जरा बंद ठेवलं असतं तं काय बिघडलं असतं वं?” मावशी आपल्याकडे येऊन दारात उभी राहून म्हणाली.

“त्यानं इचारलं, म्या सांगतलं.”

“तुया पोरानं येवढं घसा फोडून कमावलं आन् तू एका शब्दात घालवलं.”

आणि मी, जो अन्यायाच्या बाजूने एक अक्षरही कधी बोलणार नाही असं सांगत फिरत होतो, तो मी मावशीच्या बाजूला उभा राहून तुला म्हणालो, “तुझ्या खरेपणापायी चाळीस बायांचे हातमोजे गेले.” तू ताटात भाकरी वाढत होतीस. ताट माझ्यापुढे सरकवलंस. म्हणालीस, “म्या नाही घालवले बाबू. तिथं चाळीस बायांचे खरे हात होते. तू त्यातून एक खोटा काहून उचलला?” मी ताट तसंच ठेवून उठलो. आठ दिवस तुझ्याशी बोललो नाही. नवव्या दिवशी बोललो ते दुसऱ्याच कशाबद्दल, आणि हा विषय आपल्या दोघांत पुन्हा निघाला नाही. चार वर्षांनी तू गेलीस. तुझ्या हातांवर फुलं ठेवताना मला ती गुलाबी कातडी दिसली आणि मी नजर वळवली.

त्यानंतर मी काय केलं ते ऐक. नागपुरात ते वाक्य बंद केलं, कारण इथे माहीत असणाऱ्या बाया होत्या. बाहेरगावी चालू ठेवलं. मी स्वतःला सांगत आलो की कारण खरं आहे, माणसं खरी आहेत, एक तपशील इकडचा तिकडे झाला तर काय झालं. वाचलेल्या पुस्तकांतून याला आधारही काढले. माझा आजही विश्वास आहे की फाटकावर उभं राहून ओरडल्याशिवाय या देशात कोणाला चिंधीही मिळत नाही. ओरडणं मी सोडणार नाही. पण उद्याच्या फाटकावर तुझ्या वेळच्या दोन-तीन बाया असतील. मावशीची सून आता त्याच हौदावर आहे. परवा ती सभेचं सांगायला घरी आली, तेव्हा मी तिची बोटं पाहिली. मला तुझी बोटं लागणारच नाहीत माय. कधीच लागत नव्हती. उद्या मी एकेकीला पुढे बोलवीन आणि तिलाच तिच्या हातांचं सांगायला लावीन, आणि तुझे हात कशाने भाजले तेही मी आधी सांगून टाकीन, म्हणजे कोणा अधिकाऱ्याला ते शोधावं लागणार नाही.

गाडीच्या डाव्या मागच्या दाराच्या मुठीत, खाचेत, अजून थोडं पिवळं रोगण राहिलं आहे. तिथे रंगाचा पोपडा निघाला तेव्हा दिसलं. बाकी सगळं तू काढलंस. हे पत्र कुठे टाकायचं नाही हे मला ठाऊक आहे. ते त्याच खोक्यात ठेवीन. पण एक गोष्ट राहिली, जी मी तुझ्यापाशीही बोललो नव्हतो. त्या रविवारी दगडावर उभा राहून बोलताना मी तुला पाहत होतो. तू बादलीतून हात झटकन बाहेर काढलास, हवेत हलवलास, बोटांवर फुंकर घातलीस आणि माझ्याकडे एकदा पाहून पुन्हा आत घातलास. मी ते पाहिलं. माझं वाक्य अर्धं झालं होतं आणि ते चांगलं जमत होतं, म्हणून मी थांबलो नाही. आवाज फक्त आणखी चढवला.

उद्या त्या बायांना मी एकच गोष्ट करायला सांगणार आहे. हातमोजे येईपर्यंत हौदात हात घालू नका. हे त्या दिवशी, वाक्य तिथेच टाकून, दगडावरून उतरून मी तुला सांगायला हवं होतं. माय, बादलीतून हात काढ.